दुर्बिणीची बैठक

दुर्बिणीचा इतिहास लिहिणारा ग्रंथकार बहुधा काचेपासून आरंभ करतो आणि काचेपाशीच थांबतो. कोणी केवढे भिंग घासले, कोणाचा आरसा किती इंचांचा होता, त्यातून कोणता नवा ग्रह दृष्टीस पडला, हे तो बारकाईने सांगतो. परंतु ती काच ज्या नळीत बसविली होती, ती नळी ज्या चौकटीत तोलली होती आणि ती चौकट ज्या पायांवर उभी होती, त्यांविषयी तो एखाद्या ओळीपलीकडे काही लिहीत नाही. मैफलीचे वर्णन करताना तंबोरा धरून मागे बसलेल्या शिष्याचे नाव जसे राहून जाते, तसाच हा प्रकार आहे.

या आधाराला मराठीत ‘बैठक’ हा शब्द चांगला शोभतो. गाण्यात काय, कुस्तीत काय किंवा शास्त्राभ्यासात काय, बैठक पक्की नसेल तर अंगचा गुण वाया जातो, हे आपण रोज बोलतो. दुर्बिणीच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. आणि थोडे खोलात जाऊन पाहिले असता असे दिसून येते की, आकाशात काय आहे याचा शोध जरी काचेने लावला, तरी ते आकाश कोणास पाहावयास मिळावे, याचा निकाल पुष्कळदा बैठकीने केला आहे.

प्रथम अडचण काय असते, ते पाहू. दुर्बीण शंभर पट मोठे दाखवीत असेल, तर हाताचा कंपही ती शंभर पटीने मोठा करून दाखविते. चंद्रबिंबाची रुंदी आकाशात सुमारे अर्धा अंश, म्हणजे ३० कला. नळी अवघी एक कला हलली, तर पाहणाऱ्याला चित्र १०० कला, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राच्या तिप्पट रुंदीइतके, उडी मारताना दिसते. शिवाय आकाश स्वतः स्थिर नाही. पृथ्वीच्या परिवलनामुळे ते तासाला १५ अंश सरकते. यास्तव अर्ध्या अंशाचे क्षेत्र दाखविणाऱ्या दुर्बिणीतून विषुववृत्ताजवळचा तारा दोन मिनिटांत नाहीसा होतो. तेव्हा बैठकीने परस्परविरुद्ध अशी दोन कामे करावयाची असतात: तिने खडकासारखे निश्चल राहावे, आणि बोटाच्या स्पर्शासरशी लोण्यासारखे फिरावे. दुर्बिणीच्या कारागिराची सारी कसोटी या दोहोंचा मेळ घालण्यात आहे.

ही गोष्ट गॅलिलिओच्या पहिल्या दिवसांतच ध्यानी आली होती. १६१० च्या जानेवारीत त्याने गुरूचे उपग्रह पाहिले, त्याच सुमारास लिहिलेल्या एका पत्रात त्याने असा सल्ला दिला आहे की, नाडीच्या ठोक्यांनी व श्वासोच्छ्वासाने हात हलतो, म्हणून नळी एखाद्या पक्क्या जागी बसवावी. ज्या मनुष्याने मानवजातीला नवे आकाश दाखविले, त्याला पहिली तक्रार करावी लागली ती स्वतःच्या नाडीविषयी!

पुढील शतकात ही अडचण कमी न होता वाढली. साध्या भिंगातून रंगांच्या कडा उमटत. त्या कमी करावयाच्या तर भिंगाचे नाभ्यंतर फार लांब ठेवावे लागे. या मार्गाने जाता जाता डान्झिग येथील हेवेलियस याने १५० फूट लांबीची दुर्बीण उभारली. तिचे वर्णन त्याच्या १६७३ च्या ग्रंथात आहे. ९० फुटी डोलकाठीला दोर व कप्प्या लावून ती टांगलेली असे आणि ती वरखाली करण्यास माणसांचा ताफा लागे. वारा आला की ती थरथरे, हवा दमट झाली की दोर आखडत आणि फळ्या वाकत. काचेत दोष नव्हता असे नाही. पण काचेत जो गुण होता तोही बैठकीने हाती लागू दिला नाही. हॉलंडच्या हायगेन्सने १६८४ मध्ये नळीच काढून टाकण्याची युक्ती प्रसिद्ध केली. भिंग उंच खांबावर, नेत्रभिंग हातात आणि दोघांमध्ये एक ताणलेली दोरी! कल्पना बुद्धिमान होती खरी. परंतु काळोखात त्या दोरीच्या आधाराने भिंगाची व डोळ्याची एक रेषा साधणे ही एक तपश्चर्याच होती.

आरशाची दुर्बीण आली आणि नळी आखूड झाली. न्यूटनने १६६८ मध्ये केलेली पहिली दुर्बीण अवघी वीतभर होती. त्याच्या दुसऱ्या दुर्बिणीची बैठक म्हणजे एक लाकडी गोळा; तो खोबणीत हव्या त्या दिशेला फिरे. एवढ्याशा यंत्राला तेवढे पुरे. आरसे मोठे होऊ लागले तेव्हा मात्र बैठकीचा प्रश्न पुन्हा दत्त म्हणून पुढे उभा राहिला, आणि तो ज्याने घरच्या घरी, स्वतःच्या हातांनी सोडविला, तो पुरुष म्हणजे विल्यम हर्शेल.

हर्शेल पेशाने संगीतकार. जन्म १७३८, जर्मनीतील हॅनोव्हर येथे. उदरनिर्वाह इंग्लंडातील बाथ या गावी. दिवसा शिकवण्या, सायंकाळी जलसे आणि उरल्या वेळात आरसे घासणे. १७७३ पासून त्याचे घर म्हणजे एक कारखानाच झाला. भाऊ अलेक्झांडर यंत्रकामात कुशल होता, तो लेथीवर पितळेचे भाग करी. बहीण कॅरोलाइन घर सांभाळून या कामाला हातभार लावी. आरसा घासताना हात थांबवावयाचा नसे. एकदा तर तो सोळा तास थांबला नाही, आणि तेवढ्या वेळात बहिणीने त्याला घास भरविले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. परंतु त्याच घरात त्याच दिवसांत नळ्या, घोड्या, मुठी आणि मळसूत्रेही तयार होत होती, याची आठवण सहसा कोणी काढीत नाही.

१३ मार्च १७८१ च्या रात्री हर्शेलला युरेनस सापडला, तो ७ फुटी दुर्बिणीतून. तिचा आरसा ६.२ इंचांचा होता. हा शोध केवळ आरशाचा म्हणता येईल काय? हर्शेलने २२७ पटींनी पाहत असता एक तारा इतरांहून वेगळा दिसला, म्हणून त्याने नेत्रभिंगे बदलून ४६० व ९३२ पटींनी तो पुन्हा पाहिला. पटी वाढल्या तसतसे त्याचे बिंब वाढले, शेजारच्या ताऱ्यांचे वाढले नाही. यावरून हा तारा नव्हे अशी त्याची खात्री झाली आणि प्रथम त्याने त्यास धूमकेतू मानले. आता ९३२ पटींना तारा दृष्टिक्षेत्रात काही सेकंदच टिकतो. त्याच्यामागे नळी न थरथरता, न हिसकता सरकत राहिली, म्हणून ही तुलना शक्य झाली. जो मान आरशाला मिळाला, त्यात त्या लाकडी घोडीचा आणि तिच्या मळसूत्रांचा निम्मा वाटा आहे.

यानंतरची २० फुटी दुर्बीण (१७८३) तर बैठकीच्या इतिहासातील एक प्रकरणच आहे. तिची नळी उंच शिड्यांच्या चौकटीत दोरांनी टांगलेली असे आणि पाहणारा वरच्या फळीवर उभा राही. चौकट पुरती बांधून होण्याची वाट न पाहता हर्शेलने पाहण्यास आरंभ केला. एका वादळी रात्री तो खाली उतरतो न उतरतो तोच सारा डोलारा कोसळला. आणि ३१ डिसेंबर १७८३ च्या रात्री, बर्फ वितळून निसरड्या झालेल्या जमिनीवरून भावाने सांगितलेला फेरफार करण्यासाठी धावत असता कॅरोलाइन घसरली आणि यंत्राचा एक लोखंडी आकडा तिच्या गुडघ्याच्या वर मांडीत रुतला. तिला सोडविताना मांसाचा तुकडा आकड्यालाच राहिला. पुढे आठवणी लिहिताना या बाईने समाधान कशाचे मानावे? उरलेल्या रात्री आभाळ आले होते, तेव्हा आपल्या अपघातामुळे भावाच्या निरीक्षणाचे काही नुकसान झाले नाही, याचे! तिने पुढे आठ धूमकेतू शोधले आणि स्वतःच्या बळावर ज्योतिर्विदांत मान मिळविला, हे सर्वश्रुत आहे. परंतु दुर्बिणीच्या बैठकीने रक्ताचा कर घेतला तो तिच्याकडून, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

याच बैठकीत एक उणीव होती: नळी वरखाली सहज होई, आजूबाजूला फारशी नाही. हर्शेलने त्या उणिवेचीच पद्धत बनविली. नळी याम्योत्तर रेषेजवळ स्थिर ठेवावयाची, नोकराने ती ठरावीक टप्प्यात वरखाली करावयाची आणि आकाश आपणहून तिच्या समोरून जाऊ द्यावयाचे. वरून हर्शेल सांगे, खाली दिव्याजवळ घड्याळ घेऊन बसलेली कॅरोलाइन लिहून घेई. आकाशाचे हे झाडलोट करणे जवळजवळ वीस वर्षे चालले आणि त्यातून सुमारे २५०० तेजोमेघ व तारकापुंज यांची नोंद झाली. साधनाची मर्यादा ओळखून तिला अनुरूप असे काम आखणे, हे शहाणपण प्रयोगशाळेतच काय, संसारातही दुर्मिळ असते.

याच्या उलट गत ४० फुटी दुर्बिणीची. राजा तिसरा जॉर्ज याने तिच्यासाठी ४००० पौंड दिले. ती १७८९ मध्ये पुरी झाली. ४८ इंची आरसा, गोल रुळावर फिरणारा लाकडांचा प्रचंड मनोरा, तो हलविण्यास मजूर. त्या वर्षी शनीचे दोन उपग्रह हर्शेलच्या हाती लागले, आणि लंडनच्या ज्योतिषशास्त्रीय संस्थेच्या मुद्रेवर त्या मनोऱ्याचे चित्र आजही आहे. तथापि तिची सिद्धता करण्यातच रात्र सरे, आरसा लवकर काळवंडे. म्हणून हर्शेल बहुतेक कामाला २० फुटीच वापरी. अखेर लाकडे कुजली, तेव्हा त्याचा मुलगा जॉन याने १८३९ च्या अखेरीस ती उतरविली. कुटुंबातील सर्व मंडळींनी आडव्या ठेवलेल्या नळीत बसून तिच्यासाठी रचलेले निरोपाचे गीत म्हटले. कीर्ती थोरलीची झाली, काम धाकटीने केले.

येथे बैठकीच्या दोन जातींचा भेद सांगणे आवश्यक आहे. हर्शेलची बैठक पहिल्या जातीची: एक फिरणे जमिनीला समांतर, जात्याच्या तळीप्रमाणे, दुसरे वरखाली, तोफेच्या तोंडाप्रमाणे. बांधावयास ही सोपी. परंतु आकाश तिरपे फिरते, म्हणून ताऱ्याचा पाठलाग करताना दोन्ही गती सारख्या जुळवाव्या लागतात. दुसऱ्या जातीत मुख्य आस तिरपा करून ध्रुवाकडे रोखतात. मग पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते, त्यालाच हा समांतर होतो आणि एकच गती उलट दिशेने दिली की तारा जागचा हलत नाही. योझेफ फ्राउनहोफर याने १८२४ मध्ये डोर्पाट येथील वेधशाळेसाठी केलेल्या ९ इंची दुर्बिणीला अशी बैठक व तिला चालविणारे घड्याळ जोडले. त्या बळावर स्ट्रूव्हने सुमारे १,२०,००० तारे तपासून ३,००० हून अधिक जोडताऱ्यांची यादी केली. दोन्ही हात मोकळे झाल्यावर डोळा किती काम करतो, याचे हे उदाहरण होय.

या आसाचा तिरपेपणा म्हणजे त्या स्थळाचे अक्षांश. ध्रुव क्षितिजापासून जितका उंच, तितकाच आस उंच. याचा दाखला आपल्या पुण्यातच आहे. येथील सायन्स कॉलेजात प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा स्थापिली आणि तीत डब्लिनच्या ग्रबकडून आणविलेली २० इंची आरशाची दुर्बीण १८८८ मध्ये उभी राहिली. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण दक्षिणेत कोडाईकनाल येथे गेली. पुण्याचे अक्षांश साडेअठरा, कोडाईकनालचे सव्वादहा. तेव्हा तिचा आस सुमारे आठ अंशांनी नमविणे ओघानेच आले. नदी ओलांडताना भाषा बदलावी, तशी अशा दुर्बिणीला गाव बदलताना मान बदलावी लागते.

परंतु या उत्तम बैठकीने सामान्य मनुष्याच्या मार्गात एक भिंतही उभी केली. अचूक कातलेले आस, दंतचक्रे, तोलाची वजने, घड्याळ, हे सर्व लोहाराच्या किंवा सुताराच्या आटोक्यातले नव्हते. आरसा घरी घासता येई; पुढची बैठक मात्र विकत घ्यावी लागे, आणि तिची किंमत आरशाच्या कित्येक पट असे.

या भिंतीला पहिले भगदाड अमेरिकेत, व्हरमाँट प्रांतातील स्प्रिंगफील्ड या यंत्रांच्या गावी पडले. रसेल पोर्टर हा वास्तुकलेचा अभ्यासक, चित्रकार आणि उत्तर ध्रुवाकडील मोहिमांत भाग घेतलेला गृहस्थ. १९२० मध्ये त्याने तेथील कारखान्यातील कामगारांना दुर्बीण करावयास शिकविले. १९२३ मध्ये त्या मंडळींनी आपला संघ स्थापिला आणि टेकडीवर ‘स्टेलाफेन’ नावाचे घर बांधले. १९२५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात आल्बर्ट इंगॉल्स याने त्यांची हकीकत छापली आणि देशभर शेकडो लोक आरसे घासू लागले. या लोकांनी बैठक कशाची केली? पाण्याच्या नळाचे तुकडे व त्यांचे सांधे यांची, आणि मोडीत निघालेल्या फोर्ड मोटारीच्या आसाची. नळाच्या आट्यांत थोडे ग्रीज घातले की तोच आस आणि तीच खोबण! पोर्टर स्वतः पुढे पालोमार येथील २०० इंची दुर्बिणीच्या कामास बोलाविला गेला. तिचा ५०० टनांहून अधिक वजनाचा फिरता भाग तेलाच्या पातळ थरावर तरंगतो आणि ताऱ्यामागे चालविण्यास एका अश्वशक्तीचा बारावा हिस्सा पुरतो.

भिंतीचा उरलेला भाग पाडला तो एका संन्याशाने. जॉन डॉब्सनचा जन्म १९१५ मध्ये पेकिंगला झाला. शिक्षण कॅलिफोर्नियात, विषय रसायन. स्वामी अशोकानंदांच्या प्रभावाने तो १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त संस्थेच्या मठात दाखल झाला. ही रामकृष्णसंप्रदायाची संस्था. तिचे मूळ १९०० मध्ये विवेकानंदांनी घातलेले. निष्कांचन वृत्तीच्या या साधकाला आकाश पाहण्याचा ध्यास लागला. पदरी पैसा नाही, म्हणून त्याने जहाजाच्या खिडकीच्या टाकाऊ जाड काचा घासून आरसे केले. दुर्बीण छोट्या गाडीवर घालून तो मठाबाहेर नेई आणि शेजारच्या मुलांना शनी दाखवी. मठाच्या शिस्तीला हे मानवले नाही. १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. दुसऱ्याच वर्षी त्याने रस्त्यावर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यास आकाश दाखविणारी मंडळी उभी केली.

त्याची बैठक अशी: बांधकामात खांब ओतण्यास वापरतात ती जाड पुठ्ठ्याची नळी, ती तोलाच्या जागी एका चौकोनी लाकडी पेटीत पकडलेली, पेटीच्या दोन्ही बाजूंना मोठ्या लाकडी चकत्या. आरशाचे वजन तळाशी असल्याने तोलाची जागाही खाली येते, म्हणून आधार ठेंगणा चालतो. वरून उघडी अशी दुसरी पेटी. तिच्या दोन बाजूंच्या खाचांत या चकत्या तोफेच्या कानांप्रमाणे टेकतात. ही पेटी खालच्या फळीवर मध्यखिळीभोवती जात्यासारखी फिरते. फळीला तीन पाय, कारण चार पायांचा चौरंग खडबडीत जमिनीवर लंगडतो, तिवई लंगडत नाही. लाकूड जेथे लाकडावर घासेल, तेथे टेफ्लॉनचे तुकडे. यातच सारे मर्म आहे. पावसाळ्यात फुगलेला कपाटाचा खण ओढला असता आधी मुळीच हलत नाही आणि मग एकदम हिसक्याने बाहेर येतो. कारण त्याला हलविण्यास लागणारा जोर चालत ठेवण्यास लागणाऱ्या जोराहून पुष्कळ अधिक असतो. टेफ्लॉनमध्ये हे दोन्ही जोर जवळजवळ सारखे आहेत. म्हणून नळी बोटाने केसभर सरकते, आणि बोट काढताच तेथेच थांबते. निश्चल राहावे आणि लोण्यासारखे फिरावे, या दोन विरोधी मागण्यांचा मेळ येथे चार फळ्यांत बसला.

यावर शास्त्रज्ञांचा आक्षेप असा की, ही तर मागे गेलेली चाल. यात घड्याळ नाही, यावरून दीर्घकाळची छायाचित्रे घेता येत नाहीत. आक्षेप खोटा नाही. हर्शेलने २० फुटीची मर्यादा ओळखली, तशी डॉब्सननेही आपल्या पेटीची ओळखली होती. तिचे काम मोजमापाचे नव्हतेच. ते होते रस्त्यावरच्या मनुष्याला चंद्राचे डोंगर दाखविण्याचे. घड्याळाचा त्याग केल्यामुळे तेवढ्याच पैशांत आरसा दुप्पट मोठा घेता आला. त्याची स्वतःची एक दुर्बीण २४ इंची होती. शिवाय काळाचा विनोद असा की, १९७५ मध्ये रशियाने काॅकेशस पर्वतात ६ मीटर व्यासाची दुर्बीण उभारली, ती याच साध्या जातीच्या बैठकीवर. दोन गती जुळविण्याचे कष्ट गणकयंत्राने पत्करले. तेव्हापासून जगातील बहुतेक सर्व थोर दुर्बिणी याच बैठकीवर बसल्या आहेत. वजन सरळ जमिनीकडे जाते, हा तिचा गुण मोठ्यांनाही पटला.

डॉब्सनने या रचनेचे एकस्व घेतले नाही. १५ जानेवारी २०१४ रोजी, ९८ व्या वर्षी तो निवर्तला, तेव्हा त्याच्या नावाची पेटी जगभर पसरली होती. आपल्याकडेही, जेथे पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारखी मंडळी १९४४ पासून आकाशदर्शनाची परंपरा चालवीत आली आहे, तेथे हौशी मंडळींच्या हातात हीच पेटी दिसते, आणि तिला लागते ते सामान कोणत्याही तालुक्याच्या गावी सुताराकडे मिळते.

आपल्या घरांतून मुलांना विज्ञानाची गोडी लागावी अशी इच्छा पुष्कळ आईबाप बोलून दाखवितात आणि त्यासाठी चकचकीत पितळी नळी व डुगडुगती तिवई असलेले खेळणे आणून देतात. मूल दोन रात्री धडपडते, तारा हातात येत नाही, आणि यंत्र माळ्यावर जाते. मुलाला वाटते, आपल्यालाच जमत नाही. दोष बहुधा त्याच्या डोळ्यांचा नसतो आणि काचेचाही नसतो. अशा घरी काचेआधी फळ्या मोजाव्यात, मुलाच्या हाती करवत द्यावी आणि सुताराला चार दिवस ओसरीवर बोलवावे. गॅलिलिओला जी खंत वाटली, हेवेलियसला जिने हरविले आणि कॅरोलाइनने जिची किंमत स्वतःच्या अंगाने मोजली, ती अडचण आज चार फळ्या आणि तीन पाय यांनी सुटण्याजोगी आहे. बैठक आधी पक्की करावी. आकाश मग आपण होऊन समोर येते.